बागेच्या तळातला एक फूट

आमच्या बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे ओळंबे म्हणत. आडनाव नव्हे ते. भिंत सरळ आहे का बघायला गवंडी दोरीला वजन बांधून सोडतो, तो ओळंबा. नगरपालिकेच्या बांधकाम खात्यात त्यांनी तीस वर्षं सर्व्हेअर म्हणून काढली, आणि घरी आल्यावरही त्यांची नजर काही सुट्टीवर जात नसे. कुणाकडे चहाला गेले तरी भिंतीवरचं कॅलेंडर आधी सरळ करणार, मग बसणार. आमच्या जिन्याची तिसरी पायरी बाकीच्यांपेक्षा अर्धा इंच उंच आहे हे त्यांनीच आम्हाला दाखवलं, आणि तेव्हापासून आम्ही सगळे तिथे अडखळायला लागलो.

मी त्यांच्या खालच्या मजल्यावर राहतो. हे सांगतोय त्यातलं बरंचसं माझ्या डोळ्यांदेखत घडलं. उरलेलं त्यांनी आणि त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या वहिनींनी, मला नंतर सांगितलं.

बिल्डिंगच्या मागे बाग आहे. फाटकापासून जमीन उतरत जाते, पार तळापर्यंत, आणि मग पलीकडून पुन्हा चढते. बागेला वळसा घालणारी एक पायवाट आहे. तळाशी पायवाटेची चाळीसेक पावलं अशी, की पाऊस पडला रे पडला की तिथे घोट्यापर्यंत पाणी. पाऊस थांबला तरी पंधरा-पंधरा दिवस चिखल. म्हातारी माणसं अर्ध्यातून परत फिरायची. आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या निवृत्त मुख्याध्यापिका, ज्यांना सगळा परिसर मोठ्या बाई म्हणतो, एका पावसाळ्यात तिथेच घसरल्या आणि मनगट मोडून बसल्या.

मग बागेला लागून असलेली जुनी गोदामं पाडली गेली आणि तिथे तीन टॉवर उभे राहायला लागले. नगरपालिकेने परवानगी देताना अट घातली: कंपनीने बाग आणि पायवाटही सुधारून द्यायची. आम्हाला आयतीच संधी मिळाली. समिती झाली, मोठ्या बाई अध्यक्ष, मी चिटणीस. कंपनी वरवरचं करायला तयार होती. फाटक, बाकं, वरच्या अंगाची फरसबंदी. तळाचं काम खोल खणायचं, नवा पाईप टाकायचा, म्हणून ते तिथे हात लावायला तयार नव्हते. तेव्हा आम्ही म्हणालो, तुम्ही भराव टाकून तुमची जमीन उचललीत, तुमचं पाणी आमच्या बागेत येतंय, तेव्हा तळही तुम्हीच दुरुस्त करा.

टॉवर येण्याआधी पाणी साचत नव्हतं का? साचायचं. पण भांडायला उभं राहिल्यावर माणसाला सोयीचं तेवढंच आठवतं. शिवाय मोठ्या बाईंच्या हाती एक भक्कम पुरावा लागला होता. नगरपालिकेतून त्यांनी बागेचा एकतीस वर्षांपूर्वीचा नकाशा मिळवला. त्या नकाशात तळाची पातळी आणि पाणी बाहेर नेणाऱ्या पाईपचं तोंड बरोबर एका रेषेत होतं. बाई म्हणाल्या, "नकाशाप्रमाणे पाणी वाहून जायलाच हवं. तरी साचतंय, म्हणजे ते ह्यांच्याकडून येतंय. आणि नकाशावर सही कुणाची आहे? आपल्या ओळंब्यांची! आता बोला."

ओळंबे तेव्हा तिथेच बसले होते. त्यांनी मान खाली घातली. आम्हाला वाटलं, नम्रपणा.

कंपनीची इंजिनिअर एक पंचविशी-सव्विशीची मुलगी होती. हेल्मेट डोक्यावर कमी आणि काखेत जास्त. तिने बागेची नव्याने मोजणी केली आणि अहवालात लिहिलं की टॉवरच्या जमिनीचं पाणी रस्त्याकडे उतरतं, बागेकडे नाही. आणि बागेचा तळ मुळातच पाईपच्या तोंडापेक्षा एक फूट खाली आहे. आम्ही तो अहवाल वाचून हसलो. कंपनीच्या माणसाने कंपनीच्या सोयीचा आकडा काढला, दुसरं काय! कुठेतरी पाणी मुरतंय, असं मी भर बैठकीत म्हणालो, आणि माझ्या विनोदावर सगळे हसले. ती मुलगी समोरच बसली होती. कानापर्यंत लाल झाली.

दुसऱ्या दिवशी ती ओळंब्यांच्या घरी आली. वहिनींनी दार उघडलं. बूट बाहेर काढले तर मोज्यांनाही चिखल, म्हणून ती दारातच घुटमळत राहिली.

"ये गं आत. मोजे काय, धुतले की झाले," वहिनी म्हणाल्या.

तिने जुन्या नकाशाची प्रत टेबलावर पसरली. "काका, ही सही तुमचीच ना? तुम्हाला सगळे किती मानतात, म्हणून आले. माझी तळाची पातळी तुमच्या आकड्याशी जुळत नाहीये. तीन वेळा मोजली. तिन्ही वेळा एका फुटाचा फरक. तुमचा आकडा चुकणार नाही. माझंच काय चुकतंय ते सांगाल का?"

ओळंबे नकाशाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "पुन्हा एकदा मोजून बघ."

एवढंच. ती "बरं काका" म्हणाली, चहा न घेताच गेली.

तिचं काही चुकलं नव्हतं आणि ओळंब्यांना ते एकतीस वर्षं ठाऊक होतं.

त्या काळी मोजणीच्या दुर्बिणीतून सगळं उलटं दिसायचं. समोर धरलेली आकड्यांची उंच पट्टी उलटी, तिच्यावरचे आकडे उलटे. सवयीने डोळा आपोआप सुलटं वाचायचा. बागेच्या तळाची मोजणी दुपारी दोनच्या उन्हात चालली होती, घाम डोळ्यांत उतरत होता, आणि त्यांनी नऊचा सहा वाचला. एक आकडा. पट्टीवर तीस सेंटीमीटरचा फरक, जमिनीवर त्याचा अर्थ एक फूट. त्यावरून नकाशा झाला, नकाशावरून पाईप बसला, आणि पाईपचं तोंड तळापेक्षा फूटभर उंच राहिलं. पुढच्या पावसात पाणी साचलं तेव्हा त्यांनी एका रविवारी एकट्याने जाऊन पुन्हा मोजलं आणि आपली चूक त्यांना कळली. नोकरी कायम व्हायला दोन महिने होते. वहिनींना सातवा महिना होता. त्यांनी वही मिटली आणि घरी आले. पुढे नोकरी कायम झाली, मुलगी झाली, आणि जे तेव्हा सांगितलं नाही ते सांगणं दर वर्षी थोडं थोडं अवघड होत गेलं.

मला आता वाटतं, बाकीचं आयुष्यभर ते जे कॅलेंडरं सरळ करत फिरले, ते त्यामुळेच असेल. पण हा माझा तर्क. त्यांना मी कधी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी ओळंबे स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिले. वहिनी भाजी चिरत होत्या. ओळंब्यांनी सगळं सांगितलं. वहिनींचा हात थांबला.

"म्हणजे तो चिखल तुमचा?"

"हो."

"एकतीस वर्षं मी त्या चिखलाच्या चपला धुतेय. पोरीच्या शाळेचे बूट धुतले. आणि दर वेळी नगरपालिकेला शिव्या घालत धुतले. तुम्ही बाजूला उभं राहून ऐकत होतात?"

"हो."

वहिनींना आधी हसू आलं. मग त्यांनी सुरी खाली ठेवली. "आणि मोठ्या बाईंचं मनगट?"

 ओळंबे तो प्रश्न टाळून म्हणाले, "मी गप्प बसलो तर तळ दुरुस्त होईल. कंपनी करून देईल. सगळ्यांचं भलं होईल. बोललो, तर कंपनी हात झटकेल."

"मग नका बोलू."

"असं म्हणतेस?"

"तुम्हीच म्हणताय ते. मी फक्त मोठ्याने म्हटलं." वहिनींनी पुन्हा सुरी हातात घेतली. "पण ती पोरगी आज ह्या टेबलाशी बसून म्हणत होती की माझंच चुकत असेल. तिला नोकरी लागून किती दिवस झालेत हो?"

"वर्षही नाही."

"तुम्हाला तेव्हा किती झाले होते?"

शनिवारी शेवटची बैठक होती. नगरपालिकेचे अधिकारी येणार होते, कंपनीचा मॅनेजर येणार होता. शाळेच्या हॉलमध्ये माणसं दाटीवाटीने बसली होती. मोठ्या बाईंनी नकाशा फळ्यावर लावला आणि वर्गात शिकवावं तसं सगळं समजावून सांगितलं. अधिकाऱ्याने मान डोलावली. मॅनेजरने इंजिनिअर मुलीकडे असं पाहिलं, की सोमवारी ती कामावर असेल की नाही याची मलाही शंका आली. तिने उठून एवढंच म्हटलं, "मी चौथ्यांदा मोजलं. आकडा तोच येतोय." मागून कुणीतरी ओरडलं, "मग पाचव्यांदा मोज!"

ओळंबे उठले. त्यांना बोलायची सवय नव्हती. खुर्चीची पाठ धरून उभे राहिले.

"तिचा आकडा बरोबर आहे," ते म्हणाले. "नकाशातला चुकलाय. तो माझा आहे. मी तेव्हा नऊचा सहा वाचला. नंतर मला कळलं होतं. मी कुणाला सांगितलं नाही."

 बाईंच्या हातातला खडू तसाच हातात राहिला.

"पाणी टॉवरमुळे साचत नाही. ते माझ्यामुळे साचतं. बाई, तुमचा हात..."  ते खाली बसले.

मॅनेजरने ही संधी सोडली नाही. तळाचा प्रश्न आमचा नाही, हे सर्वांसमक्ष सिद्ध झालं, असं म्हणून त्याने फाईल बंद केली. आमच्या हाती वरची फरसबंदी, फाटक आणि सात बाकं एवढंच आलं. आठ महिन्यांची मेहनत एका मिनिटात पाण्यात. मी त्या दिवशी ओळंब्यांशी बोललो नाही. पुढचे कितीतरी दिवस जिन्यात समोरासमोर आलो की मी मोबाईल काढायचो. एकजण तर तोंडावर म्हणाला, "एकतीस वर्षं गप्प बसलात, अजून एक महिना बसला असतात तर काय बिघडलं असतं?"  मोठ्या बाईंनी तर ओळंब्यांकडे बघायचंच बंद केलं. ओळंब्यांना तेच जास्त लागलं असणार.

ओळंबे मात्र घरात बसले नाहीत. सोमवारी सकाळी दहाला ते नगरपालिकेत जाऊन, जिथे तीस वर्षं टेबलामागच्या खुर्चीत बसले तिथे टेबलाच्या बाहेर उभे राहिले. चूक खात्याची आहे, ती खात्याने दुरुस्त करावी, असा अर्ज दिला. खाली चूक कुणी केली तेही लिहिलं. अर्ज घेणारा कारकून त्यांच्याच हाताखाली तयार झालेला. तो म्हणाला, "साहेब, हे शेवटचं वाक्य खोडा ना." त्यांनी खोडलं नाही. मग दर सोमवारी जाऊ लागले. चौदा महिने गेले. कधी निधी नाही, कधी अधिकारी बदलला, कधी अर्जच सापडेना. मग ओळंबे घरून दुसरी प्रत घेऊन हजर.

शेवटी मजूर आले आणि खणायला लागले. त्या दिवशी ती इंजिनिअर मुलगी आपल्या सुट्टीच्या दिवशी आली. कंपनीने तिला काढलं नव्हतं. स्वतःची दुर्बीण आणली होती, नवी, सगळं सुलटं दाखवणारी. ओळंब्यांना म्हणाली, "काका, तुम्ही बघा."

"नको. तू बघ. मी पट्टी धरतो."

मी गॅलरीतून पाहत होतो. साठी उलटलेला माणूस खड्ड्यात उतरून, गुडघाभर मातीत, आकड्यांची पट्टी एका हाताने धरून, काखेत वही घेऊन उभा. ती आकडा ओरडायची, ओळंबे तोच आकडा परत ओरडून पक्का करायचे, मग वहीत लिहायचे, मग म्हणायचे, "पुन्हा." मजूर कंटाळले. मी चपला घातल्या आणि खाली गेलो. गेल्यावर काय बोलावं सुचेना, म्हणून वही माझ्याकडे द्या म्हटलं. त्यांनी दिली.

नवा पाईप फूटभर खाली बसला. तळाची पायवाट वरच्यासारखी देखणी नाही. साधी खडी दाबून केलेली आहे, कडेला विटा. पण पुढच्या पावसात तासाभरात पाणी निघून गेलं. आता नव्या टॉवरमधली माणसंही त्या फाटकातून येतात आणि पूर्ण वळसा घालतात. त्यांना ह्यातलं काहीच ठाऊक नाही.

एका सकाळी ओळंबे आणि वहिनी तळाशी चालत होते, मी जरा मागे होतो. समोरून मोठ्या बाई आल्या. दीड वर्षात ओळंब्यांशी एक शब्द बोलल्या नव्हत्या. शेजारून गेल्या, चार पावलं पुढे गेल्या, थांबल्या.

"अहो ओळंबे."

ते वळले.

"माझ्या न्हाणीघराचा उतार उलटा झालाय. पाणी दाराकडे येतं. येऊन बघाल?"

"बघतो की. कधी येऊ?"

"आज या. आणि नीट मोजा हं," बाई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

वहिनी हसत सुटल्या. ओळंबे तिथेच उभे राहिले, बाई वळणावरून दिसेनाशा होईपर्यंत.