कागदावरचं तळं

सायकलच्या शर्यतींविषयी आमच्या थोरल्या साडूंइतकं जाणणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा निघायचा नाही, आणि त्यांना स्वतःला सायकल येत नाही. शिकायचा प्रयत्नही त्यांनी कधी केला नाही. "सैपाक येत न्हाई म्हणून जेवणाची चव कळत न्हाई का?" असं ते विचारतात, आणि यावर आपण काही बोललो तर त्यांना ते ऐकू येत नाही.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढला आणि निवृत्त झाल्यावर गेवराईपासून अर्ध्या तासावरच्या आमच्या गावात घर बांधलं. त्या घरासमोरच एक मैदान होतं. लांबट गोल, मधे सपाट, आणि दोन्ही टोकांना वळणावर बाहेरच्या अंगाला चढत गेलेले मातीचे बांध. गाव त्याला 'चक्कर' म्हणायचं. तिथे पूर्वी सायकली पळायच्या, एवढं लोक सांगत. कुणी बांधलं आणि कशासाठी, हे मात्र कुणालाच सांगता येत नसे. मैदानाच्या कडेला एक गंजलेली पाटी होती : 'पाझर तलाव. पोहण्यास सक्त मनाई.' तिथे पाण्याचा थेंब कुणी पाहिलेला नव्हता. रोज सकाळी दात घासताना ही पाटी साडूभाऊंना दिसे, आणि एका सकाळी तिनं त्यांना जे पछाडलं ते कायमचंच.

मग त्यांचं अंतर मोजण्याचं माप बदललं. बसस्टँड पावणेदोन चक्कर, दवाखाना अडीच चक्कर. त्यांनी परक्या माणसाला असा पत्ता सांगितला की तो माणूस आधी मैदानाला फेऱ्या मारून येई. म्हातारा माणूस दिसला की ते त्याला गाठत आणि कंडक्टरच्या सवयीनं तीन प्रश्न टाकत : कुठून, कुठपर्यंत, किती जण? म्हणजे शर्यत कुठून सुटायची, कुठपर्यंत जायची आणि पळायला किती जण असायचे. तिन्ही उत्तरं मिळाल्याशिवाय म्हाताऱ्याला उतरता येत नसे. एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या आजोबांना असं धरलं की पंगत उठली, खरकटं निघालं, आणि आजोबांच्या वाट्याची बुंदी कुणी खाल्ली ते शेवटपर्यंत कळलं नाही. आजोबा शर्यतीला कधी गेलेच नव्हते, हेही शेवटीच कळलं.

उमापूरला लांबच्या नात्यातले एक म्हातारे वारले, तेव्हा आम्ही भेटायला गेलो होतो. "तिथं तरी चकरीचं नाव काढू नका," असं आमच्या मेव्हणीनं वाटेत दोनदा बजावलं होतं. साडूभाऊ पाच मिनिटं गप्प बसले, त्यांच्या मानानं हे पुष्कळच. मग त्यांनी मागे राहिलेल्या म्हातारीला हळूच विचारलं, मालक कधी आमच्या गावाला सायकल पळवायला आले होते का? मेव्हणीनं पदरात तोंड लपवलं. पण म्हातारी हसली. मालक दुसऱ्या वळणावर पडले होते म्हणाली, आणि बक्षिसाची पितळी घागर दुसऱ्याच कुणी नेली म्हणून आठ दिवस घरात कुणाशी बोलले नव्हते. नवऱ्याच्या जाण्यानंतर ती पहिल्यांदाच हसली, असं तिच्या सुनेनं आम्हाला दारात सांगितलं. त्या दिवसापासून साडूभाऊंना मी फारसं चिडवलं नाही.

आणि मग ती बातमी आली. तलावांतला गाळ काढायचं काम निघालं होतं, यादीत आमच्या चकरीचं नाव होतं. कागदावर तलाव, म्हणजे खोदायचा. आठवड्यात मशीन येणार होतं. साडूभाऊंची झोप उडाली. ते मला बांधावर घेऊन गेले आणि हातवारे करून समजावू लागले, की तळ्याला बांध उताराच्या एकाच अंगाला असतो, इथं दोन्ही टोकांना आहे, आणि तोही आत झुकलेला. हे सायकलसाठीच केलं. कारकुनानं चुकून तळं लिहिलं असणार. एक साक्षीदार पाहिजे, की सगळं सिद्ध झालं.

ग्रामसभेला त्यांनी उमापूरच्या त्या म्हातारीला जीपनं आणलं. आधी स्वतः अर्धा तास बोलले, मग तिला उठवलं. म्हातारी म्हणाली, साडूभाऊ सांगतात ते खरं आहे. बहात्तरच्या दुष्काळात ती पोरवयात इथे माती वाहायला होती. कामावरच्या ओव्हरसीअरला सायकलीचं भारी वेड. मंजुरी फक्त तळ्याला मिळायची, म्हणून त्यानं कागदावर तळं लिहिलं आणि बांधून घेतली चक्कर.

साडूभाऊंचा चेहरा उजळला. इतक्या वर्षांचं कोडं सुटलं होतं. पण म्हातारी खाली बसेना.

"आमाला तवा न्हाई सांगितलं त्यानं. आमी तळं म्हणूनच माती वाहिली. हितं पाणी साठंल म्हणून पोटाला चिमटा घिऊन वाहिली. आता तरी साठू द्या की, बापा."

कोण कोण तळ्याच्या बाजूनं, असं सरपंचांनी विचारलं तेव्हा पहिला हात साडूभाऊंचा वर गेला. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं, आणि त्यांचा तेवढाच अभिमानही वाटला.

मशीन आलं, ओढ्याचं पाणी आत वळवलं, आणि आता तिथे खरोखरच तळं आहे. जनावरं पाण्यावर येतात, बायका धुणी आणतात. गाव सकाळी काठानं फिरायला जातं, साडूभाऊही जातात. कुणी पाणी उजव्या हाताला ठेवून चालू लागलं, की ते त्याला थांबवून उलटं वळवतात. परवा नव्यानं बदलून आलेल्या मास्तरांना त्यांनी असंच वळवलं. मास्तरांनी विचारलं, का हो?

मला वाटलं, आता मास्तरांची शाळा बुडाली. साडूभाऊंनी थोडा वेळ पाण्याकडे पाहिलं.

"हितं असंच फिरत्यात," ते म्हणाले.

मास्तर वळले. आता अख्खं गाव पाणी डाव्या हाताला ठेवून चालतं. सायकली तशाच पळायच्या.