मावशीच्या मागे कोण आहे, ओळखा

हसायचं नाही, आधीच सांगते. म्हणजे हसाल तुम्ही, मला माहीत आहे. पण तोंडातला चहा आधी गिळा. एका फोटोनं मी अख्खं गाव घरात बसवलं, तेही ऐन मोहाच्या दिवसांत! आणि त्या फोटोत खोटं काही नव्हतं, बरं का. एडिटिंग नाही, एआय नाही, काहीच नाही.

सुरुवात झाली पुण्यात, कॅमेऱ्याच्या दुकानात. मी मूळची नागपूरची, नोकरीला पुण्यात. कॅमेरा घेऊन झाला होता, लेन्स घ्यायची होती. दुकानातला माणूस फार शांत.

"मॅडम, तुम्ही रोज काय काढता?"

"म्हणजे?"

"रोजच्या वापरात. घर, माणसं, जेवण, फिरणं. त्यावर लेन्स ठरते ना."

"वाघ," मी म्हटलं.

"रोज?"

आता काय बोलणार? माझ्या रोजच्या आयुष्यात सोसायटीच्या भिंतीवरचं मांजर आणि ऑफिसचा डबा, यापलीकडे काही नाही. त्यानं एक चिमुकली लेन्स काढली, वाटीएवढी. म्हणाला, "ही घ्या. खोलीत, अंगणात, लग्नात, कुठंही चालते." वाटी! वाटी घेऊन मी वाघापुढे जाऊ? मी काचेतल्या त्या लांबलचक थर्मासकडे बोट केलं. तो म्हणाला, "ती दूरचं जवळ आणते मॅडम, पण..."

त्या 'पण'च्या पुढे तो बराच वेळ बोलत होता. मी तेव्हा लेन्सला घालायचं हिरवं-चॉकलेटी कव्हर निवडत होते. पुढचं वाक्य काय होतं ते मला आरमोरीच्या आतल्या एका गावात, फॉरेस्ट गार्डसमोर उभं राहून कळलं.

तिथे माझी मावशी राहते. शकुंतला. गाव जंगलाला लागून, गावाला मोठा तलाव, आणि तलावाच्या अलीकडच्या काठावर मोहाची झाडं. मोहाचं फूल पहाटे टपटप पडतं, आणि उन्हं चढायच्या आत वेचावं लागतं. नाही वेचलं तर गुरं खातात, रानडुकरं खातात, अस्वल खातं. प्रत्येक घराचं झाड ठरलेलं, एकाच्या झाडाखाली दुसरा हात लावत नाही. हंगाम थोड्या दिवसांचा, आणि मावशीचं वर्षाचं बरंचसं त्यावर. मी सुट्टी काढून नेमकी तेव्हा गेले. फोटो भारी येतील म्हणून!

पहिल्याच पहाटे बायकांसोबत निघाले. मावशी वाकून फुलं वेचत होती. मी लेन्स लावली, तर मावशीचं फक्त नाक! मग मागे गेले, पदर दिसला. अजून मागे गेले. अशी मागे जात जात मी पार दुसऱ्याच्या बांधीत, धानाच्या शेतात पोचले, तेव्हा कुठे मावशी टोपलीसकट मावली.

आणि मावशीच्या मागे वाघ!

"मावशीऽऽ! हलू नको! मागे वाघ आहे!"

मावशीनं कमरेवर हात ठेवून सावकाश मागे पाहिलं.

"पलीकडं हाय ना? पाणी पिऊन राह्यला. पिऊ दे." मग बायकांकडे वळून म्हणाली, "अवो, एकीजागी व्हा सगळ्या. आला तो पाण्यावर."

बायका जवळ सरकल्या. कुणी पळालं नाही. फक्त वेचणारे हात जरा जोरात चालायला लागले. सुमनबाई म्हणून एक आहेत, त्या टोपली उचलून सगळ्यांच्या मधोमध जाऊन उभ्या राहिल्या. पुन्हा खाली वाकल्या नाहीत. त्यांच्या जावेला मागच्या उन्हाळ्यात वाघानं नेलं होतं. मोहाखालूनच.

हे मला माहीत होतं. तरी मी काय करत होते? धडाधड फोटो काढत होते.

फोटो काय आला म्हणून सांगू! पुढे वाकलेली मावशी आणि तिच्या खांद्याला टेकून वाघाचं तोंड. मधला तलाव? गायब! अलीकडे बेशरमाची झुडपं दाट, त्यांनी पाणी झाकलं. उरलेलं अंतर माझ्या लेन्सनं गादी गुंडाळावी तसं गुंडाळून टाकलं.

गावात रेंज फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर. तिथूनच मी 'आपला परिवार' ग्रुपवर फोटो टाकला. लिहिलं, "मावशीच्या मागे कोण आहे, ओळखा. (वाघ तलावापलीकडे आहे.)" मग वाचून पाहिलं. वाटलं, कंसात सगळी मजा जाते. कंस खोडला.

घरी आले, भाकर-भाजी खाल्ली, आणि मस्त ताणून दिली. फोन गपगार.

संध्याकाळी गल्लीतून रडण्याचा आवाज आला. पाहते तर माझा मामा! तो जिवतीला मास्तर आहे. तिथून गाड्या बदलत बदलत, पांढरा शर्ट घालून आलेला. आल्याबरोबर त्यानं मावसाजींना मिठी मारली.

"भाऊ, हे काय होऊन बसलं हो! माही बहीण..."

मावसाजींना वाटलं नागपूरला काही झालं, म्हणजे माझ्या आईला. तेही रडायला लागले. तेवढ्यात मागच्या अंगणात मोह वाळत घालणारी मावशी हात पुसत बाहेर आली.

"कोण गेलं रे?"

मामानं तिच्याकडे पाहिलं. तोंड उघडं ते उघडंच.

"तू!"

"मी? कवा?"

मामानं फोन काढून दाखवला. सकाळी आमच्या ग्रुपवरून फोटो गेला नागपूरच्या काकूच्या भिशीत. तिथून कुठे कुठे गेला देव जाणे. त्यावर लाल गोल आला, बाण आला. "सावधान, बाईच्या मागे वाघ." मग "बाई जखमी." आणि दुपारपर्यंत वाघ कापून टाकून फक्त मावशी, बाजूला फुलं, खाली 'भावपूर्ण आदरांजली'.

मावशीनं स्वतःची आदरांजली डोळे बारीक करून पाहिली.

"फोटो चांगला आला पण," ती म्हणाली. "माह्या पुण्यानुमोदनाचं जेवण करूनच जा आता. मीच रांधतो."

मामा हसता हसता पुन्हा रडला, आणि मग माझ्याकडे वळला. "हिचं नाव प्रज्ञा ठेवाले मीच सांगतलो होतो. माहंच चुकलं."

इथवर ठीक होतं हो. मेलेली मावशी जिवंत निघाली, सगळ्यांनी चहा घेतला. पण मग दारात मोटरसायकल थांबली. फॉरेस्ट गार्ड. त्यांच्याही फोनमध्ये तोच फोटो.

"उद्यापासून मोहाले कोणी जायचं नाई."

"साहेब, तो तलावापलीकडं होता," मावशी म्हणाली.

"पलीकडं?" त्यांनी फोन तिच्यापुढे धरला. "हे पलीकडं हाय? बाई, हा तं तुमच्या पदराले नाक लावून उभा हाय! उद्या काही झालं तं मलेच विचारतीन, फोटो होता ना तुह्यापाशी, मग काऊन जाऊ दिलं? मागच्या वर्षीचं मीच उचललं हो. मले नाई पाहायचं पुन्हा तसं."

मावशीनं टोपली उपडी घालून ठेवली. काय बोलणार?

दुसऱ्या पहाटे मी जागीच होते. गावातल्या बायकाही सगळ्या जाग्या. टोपल्या ओसरीवर, बायका टोपल्यांशेजारी. मोहाचा वास गल्लीत येत होता. त्या फुलांना कोण सांगणार की थांबा, बंदी आहे? ती पडत होती. उन्हं चढली तशी गावातली गुरं तेवढी तलावाकडून परतली, पोटं टम्म, चालायला तयार नाहीत. तिसऱ्या दिवशीही तेच.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. शिव्या तरी द्याव्यात ना! मावशीनं उलट चहात साखर जास्त घातली. 

शेवटी तिनंच माझ्या बॅगकडे पाहिलं.

"पोरी, तुह्या या तोफेनं वाघ इकडं आणला ना?"

"हो गं मावशी."

"मग तिनंच नेऊन ठेव त्याले परत."

आणि त्या क्षणी मला दुकानातल्या माणसाचं 'पण' आठवलं! दूरचं जवळ आणते, पण मधलं अंतर खाऊन टाकते! धावत धावत गार्डसाहेबांकडे गेले. म्हटलं, साहेब, एकदा, फक्त एकदा तुम्ही वाघाच्या जागी उभे राहा.

"मी?"

"तलावापलीकडे. मोटरसायकलनं वळसा घालून जा."

गेले बिचारे. माणूस चांगला हो. इकडे अलीकडच्या काठावर मावशी तिच्या झाडाखाली वाकून उभी. मी बांधीत. मामा पाळीवर फोन कानाला लावून ओरडतोय. "साहेब, थोडं डावीकडं! तुमचं नाई, माहं डावीकडं! हां, तिथीच होता वाघ! आता मान खाली घाला, पाणी प्याल्यावानी!" सगळं गाव माझ्या पाठीशी. साध्या डोळ्यांनी पाहिलं तर पलीकडच्या काठावर खाकी रंगाचा एक ठिपका, बस्स.

मी फोटो काढला आणि कॅमेरा घेऊन पाळीवर मामाकडे पळाले. स्क्रीनभोवती डोकीच डोकी. मावशीच्या खांद्यावर गार्डसाहेबांची हनुवटी! मिशा अगदी कानाशी!

 मग मामानं फोनवर ओरडून विचारलं, "काऊन हो साहेब, माह्या बहिणीले एवढं चिपकून काऊन उभे हो तुमी?"

तलावापलीकडचा ठिपका ताडकन दोन पावलं मागे सरकला. गाव असं हसलं की पाण्यावरचे बगळे उडाले. दोन दिवसांत पहिल्यांदा हसलं.

गार्डसाहेब परत आले. दोन्ही फोटो शेजारी शेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाले, "उजेड पडल्यावर, सगळ्या मिळून, संग माणसं घेऊन जा." आणि मला बाजूला घेऊन हळूच, "ताई, माहा तो फोटो कुठी टाकू नका हो. घरी मिसेस पाहीन."

संध्याकाळी टोपल्या पुन्हा झटकल्या गेल्या. मी सुमनबाईंच्या दारात गेले. त्यांनाही फोटो दाखवला, अंतर समजावलं, पुण्याच्या दुकानातलं सगळं ज्ञान ओतलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"फोटो खोटा निघाला, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण वाघ तं खरा हाय ना, पोरी."

मी कॅमेरा बंद केला.  सुमनबाई त्या हंगामात परत गेल्याच नाहीत. रोज डोळ्यांसमोर त्याला पलीकडे पाहून त्या कशा का होईना मन धरून येत होत्या. माझ्या फोटोत तो अलीकडे आला, तो त्यांच्यापुरता अलीकडेच राहिला.

मग त्यांचं झाड? मी मावशीला विचारलं, मावशीनं त्यांना विचारलं. त्या हो म्हणाल्या. मी सुट्टी वाढवली, कॅमेरा कपाटात ठेवला आणि सुमनबाईंची टोपली घेऊन बायकांसोबत निघाले. तुम्हाला वाटेल फुलं वेचणं म्हणजे काय! अहो, पहिल्या अर्ध्या तासात कंबर म्हणते मी चालले. बायका माझ्या दुप्पट वेचून वर माझी टोपली पाहून जातात. "भरली का वो पुणेवाली?" भरते कसली! पण रोज जेवढी भरेल तेवढी नेऊन सुमनबाईंच्या अंगणात ओतत होते. त्या गुपचूप फुलं पसरत. शेवटी शेवटी मला पाणी विचारायला लागल्या.

शेवटच्या दिवशी सकाळी गारवा होता. मी काळी हूडी घातलेली, टोपी डोक्यावर ओढलेली, झाडाखाली चारी पायांवर म्हणा ना, गुडघे टेकून फुलं गोळा करत होते. मावशीनं तिचा मोबाइल काढला, अगदी माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि फोटो काढला. पाळीवर गेली. 'आपला परिवार'वर टाकला. खाली लिहिलं, "झाडाखाली कोन हाय, ओडखा."

पहिलं उत्तर लगेच आलं. माझ्या सख्ख्या आईचं.

"अगं बाई! अस्वल!! शकू, पळ!!!"

आता गंमत अशी की फोटोच्या त्या भानगडीनंतर मामानं गार्डसाहेबांनाही आमच्या ग्रुपमध्ये घेतलं होतं. लक्ष ठेवायला. मी अजून कंबर सरळ करतेय, तोवर पाळीवर मोटरसायकल थांबली. गार्डसाहेब काठी घेऊन उतरले.

"बाई, मागं सरा! अस्वल कुठी हाय?"

मावशीनं माझ्याकडे बोट दाखवलं. "हे काय. पुण्याचं हाय. चावत नाई."