हनन्या, सप्पीरा आणि पाकाचं पातेलं

आमच्या गल्लीतल्या पोरांना देवापेक्षा दोन्या पेत्रोनाची, म्हणजे पेत्रोनाबाईची, भीती जास्त, आणि त्यात पोरांची काही चूक नव्हती. देव दिसत नसे. पेत्रोना दिसे आणि ऐकूही येई. शनिवारी दुपारी ती अंगणात झुलती खुर्ची ओढून बसली, की मांडीवरचं बायबल न उघडताच गोष्ट सुरू. राक्षसासारखा गल्याथ पडायचा तेव्हा ती पत्र्याचं घमेलं फरशीवर आपटायची. यरीहो शहराच्या भिंती पडेपर्यंत पोरांना पाण्याच्या पिंपाभोवती फिरवायची. आणि गोष्ट निवडायची ती गुन्हा बघून. कुणी शेजाऱ्याच्या झाडाचे आंबे पाडले, की आदाम-हव्वा. कुणी शाळेला दांडी मारली, की योना, थेट माशाच्या पोटात. आया खूश होत्या. फुकटात धाक मिळतोय, नको कोण म्हणेल?

घरात ती आणि नात सोचिल, दोघीच. सोचिल सहा वर्षांची. तिची आई कोस्टा रिकात लोकांच्या घरी कामाला. रविवारी फोनमध्ये दिसायची, तीही अर्धवट, कधी नुसतं कपाळ.

त्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या पवित्र सप्ताहाच्या जेवणाला कोण काय आणणार, हे चर्चच्या मंडळीत ठरत होतं. पेत्रोना उठली आणि पास्टरांच्या देखत म्हणाली, अल्मीबारचं अख्खं पातेलं माझ्याकडून. ‘अख्खं’वर तिनं असा जोर दिला की मागच्या बाकावरच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. पण केलं तिनं मनापासून. आंबा, पपई, खोकोतेची आंबटगोड फळं गुळाच्या पाकात रटरट शिजवली, गल्लीभर वास सुटला, आणि फडक्यानं तोंड बांधून पातेलं स्वयंपाकघरात ठेवलं.

आता, पेत्रोनाला शुगर. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी गोड बंद केलेलं, आणि ते ती चारचौघीत अशी सांगायची, जणू सरकारनं बिल्ला दिलाय. पण एप्रिलच्या उन्हात दुपारी सगळं गाव आडवं झालं, की तिच्या फडक्याची गाठ सुटायची. पहिल्यांदा नुसता पाक चाखला, बिघडला नाही ना बघायला. मग एक खोकोते. मग आंबा, बाठ्यासकट चोखून. आणि आज बिघडला नाही म्हणजे उद्या बिघडणार नाही असं थोडंच आहे? उद्याही बघणं आलंच.

मंडळीच्या जेवणाची व्यवस्था गल्लीतल्याच ऊल्दाकडे होती. ती एक दिवस पातेल्याचा अंदाज घ्यायला आली, फडकं उचललं आणि म्हणाली, "काठापर्यंत होतं ना गं हे?"

पेत्रोनाच्या तोंडून निघून गेलं, "पोरं, बाई. त्यांच्यापुढं काही टिकतं का?"

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. तिला ती फारशी थापही वाटली नाही. पोरं आज नाही तर उद्या खाणारच होती. पण बोलून बसल्यावर चौकशी करणं भाग, आणि चौकशी करायची तर गोष्ट हवी. त्या शनिवारी तिनं हनन्या आणि सप्पीरा काढली. नवरा-बायकोनं जमीन विकली, आलेलं सगळं देवाच्या कामाला दिलं म्हणून सांगितलं आणि गुपचूप थोडं मागे ठेवलं. प्रेषित पेत्रानं विचारलं, दोघं खोटं बोलली, दोघं जागच्या जागी मेली. पेत्रोना दोनदा खुर्चीतून खाली कोसळली, एकदा नवरा म्हणून, एकदा बायको म्हणून. सांगताना तिला स्वतःचं काही म्हणजे काही आठवलं नाही. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायला बसलेल्याला आपलं मुसळ कुठलं टोचायला?

मग तिनं विचारलं, पातेल्यातलं कुणी खाल्लं? आणि बजावलं की जो लपवील तो आज मरून पडेल. पोरं एकमेकांच्या मागे सरकली. एकाला रडू फुटलं, पण ते नुसतंच भीतीचं होतं. शेवटी सोचिल उठली.

"मी खाल्लं, आजी."

पेत्रोनाला, खरं सांगायचं तर, हायसं वाटलं. तिनं नातीला दोन शब्द सुनावले, ह्या वर्षी तुला अल्मीबार नाही म्हणाली, आणि ऊल्दाची माफी मागायला एकटीला पिटाळलं. पोरगी गेली, माफी मागितली, ऊल्दाचं प्रवचन ऐकलं, परत आली. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाली.

ऊन उतरल्यावर पेत्रोना खोलीत गेली. सोचिल चटईवर उताणी पडली होती. चर्चचा पांढरा झगा घातलेला, बुटांचे बंद बांधलेले, दोन्ही हात छातीवर.

"हे काय सोंग?"

"मी मरायचीय," सोचिल म्हणाली. "मी खोटं बोलले."

"अगं, तू तर कबूल केलंस."

"मी खाल्लंच नव्हतं. तू खायचीस. दारातून दिसायचं मला."

पेत्रोना चटईच्या कडेला बसली. मग कबूल कशाला केलंस, तिनं विचारलं.

"तू बोलतच नव्हतीस. तू पडली असतीस तर मी कुणाकडे राहायचं?"

 देव असं लहान मुलांना मारत नाही, हे वाक्य पेत्रोनाला येत होतं. दुपारी ते कुठं गेलं होतं, कुणास ठाऊक. तिनं नातीला उठ म्हटलं, ती उठेना. ओढलं, तर पोरीचा हात तापलेला लागला.

"चल," ती म्हणाली. "ऊल्दाला खरं काय ते सांगते. मग कुणीच मरायला नको."

गल्लीतून दोघी चालल्या, तेव्हा सगळे दारात खुर्च्या टाकून हवा खात बसले होते, आणि झगा-बूट घातलेल्या पोरीबरोबर घरच्या चपलांत निघालेली पेत्रोना बघून कुणाची मान वळली नाही? एरवी ती दारोदारी थांबत, टोमणे देत-घेत जायची. आज तिनं मान वर केली नाही.

ऊल्दा तव्यावर मक्याच्या तोर्तिया टाकत होती. पेत्रोनानं उंबऱ्यातूनच सांगितलं, "पातेल्यातलं मी खाल्लं. पोरीनं नाही."

ऊल्दा हसली, पोटभर हसली. ही गोष्ट उद्या कुणाकुणाला सांगायची, ते तिच्या तोंडावर दिसत होतं.

"हसू नको गं," पेत्रोना म्हणाली. "ही मरायला निजली होती. माझ्याऐवजी."

ऊल्दानं पोरीच्या झग्याकडे पाहिलं, बांधलेल्या बंदांकडे पाहिलं, आणि तिचं हसू गेलं. तिनं सोचिलला चुलीजवळ बसवलं, गरम तोर्तियात ताजं चीज गुंडाळून हातात दिलं. पोरीनं दोन्ही हातांनी धरून खायला सुरुवात केली, फुंकरही न घालता. तव्यावर दुसरी तोर्तिया फुगली. पेत्रोनाला कुणी बस म्हटलं नाही, आणि समोर रिकामं स्टूल असूनही तिनं ते ओढलं नाही.