योहानमामांची सही
चाकणच्या आमच्या कंपनीतल्या कँटीनची डाळ बघितली की मला शिसारी यायची. वर तेलाचा तवंग, खाली पाणी, आणि एकदा तर त्यात झुरळ निघालं होतं. त्या ताटासमोर योहानमामा रोज टोपी काढून, डोळे मिटून मिनिटभर प्रार्थना करायचे. एकदा मी वैतागून म्हणालो, "मामा, या घाणीचे कसले आभार मानता?"

"डाळ कंत्राटदाराची हाय, साहेब. भूक देवबापानं दिली. मी भुकेचे आभार मानतो," असं म्हणून त्यांनी वाटी पुसून खाल्ली. मला ते बघवलं नाही.

मामा श्रीरामपूरकडचे, पत्रा दाबून आकार देणाऱ्या प्रेस शॉपमधले सगळ्यांत जुने कंत्राटी कामगार. मी तिथला सुपरवायझर. दरवर्षी पर्मनंटची यादी लागायची आणि मामांचं नाव त्यात नसायचं. "प्रभूनं वधस्तंभ उचलताना वजन इचारलं न्हाई, आपन कशाला इचारायचं?" एवढंच म्हणून ते मशीनकडे वळायचे. मला चीड यायची. असल्या सोशिक माणसांच्या जिवावरच या कंपन्या माजतात, असं मला वाटायचं. मामांना मी अजिबात ओळखलं नव्हतं.

प्रेसमध्ये हात गेला की सेन्सरमुळे मशीन थांबतं. ते सारखं थांबायचं, माल कमी निघायचा. मॅनेजरने मला सांगितलं आणि मी माझ्या तोंडाने तो सेन्सर बंद करायला लावला. तिसऱ्या दिवशी भरतची तीन बोटं गेली. लातूरकडचा पोरगा, लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सेन्सर जोडला असेल असं कुणाला वाटेल. छे! मॅनेजरने गुरुजी बोलावले, मशीनला हार घातला, नारळ फोडला. ज्या जागेवरचं रक्त आम्ही सकाळी चिंध्यांनी पुसलं होतं, तिथेच त्याने कुंकू लावलं आणि सगळ्यांना पेढे वाटले. मीही पेढा गिळला. मामा तेवढे पुढे झाले. "नारळ फोडा की, साहेब. पर सेन्सर बी जोडा."

संध्याकाळी मॅनेजरच्या केबिनमध्ये कागद फिरला. भरतने सेन्सर स्वतःच बंद केला होता, असं त्यात लिहिलेलं. पहिली सही माझी. मग एकेकाने मान खाली घालून केली. मामांची पाळी आली तेव्हा मॅनेजरने शेजारी पर्मनंटची नवी यादी ठेवली. तिच्यात मामांचं नाव होतं.

"करा सही, मामा. उद्या पेढे तुम्हीच वाटा."

मामांनी दोन्ही कागद सावकाश वाचले. "ह्या नावासाठी बारा वर्सं थांबलो, साहेब. पर माज्या प्रभूनं दुसऱ्यासाठी जीव दिला. मी दुसऱ्याची बोटं इकून पर्मनंट हू व्हय?"

त्यांनी पेन टेबलावर ठेवलं आणि ते बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी त्यांना गेटवरूनच परत पाठवलं. मी काचेतून बघत होतो, खाली गेलो नाही.

पुढे काही महिन्यांनी तळवड्यात एका पत्र्याच्या शेडमध्ये ते भेटले. निम्म्या पगारावर ग्राइंडिंग करत होते, गालफडं बसली होती. भरतने कंपनीवर भरपाईची केस केली होती, तीत ते एकटेच साक्षीदार. प्रत्येक तारखेला एक खाडा पडायचा.

"मामा, मला माफ करा," मी म्हणालो.

"मला माफी मागून भरतला काय मिळनार? मंगळवारी तारीख हाय. वकील म्हनतात, एकट्याच्या बोलन्यावर भागंना. तुमी या आन खरं ते सांगा."

"बघतो," मी म्हणालो. सुपरवायझरचा हा ठेवणीतला शब्द. तो तोंडातून निघाला आणि मला स्वतःची किळस आली.

मंगळवारी मी कामावर गेलो. अकराच्या सुमाराला मामांचा फोन आला आणि मी तो वाजू दिला. तेव्हापासून प्रत्येक तारखेच्या सकाळी त्यांचा फोन येतो. ते रागावत नाहीत, कुणाकडे माझी तक्रार करत नाहीत. त्या माणसाने माझी आशा अजून सोडलेली नाही. मी मात्र तो फोन अजून एकदाही उचललेला नाही.