आईसाठी मोकळा ठेवलेला शब्द

आमच्या घरात कोडं सोडवायचा एक कायदा होता, आणि तो बाबांनी केलेला. पेपरातलं शब्दकोडं आम्ही दोघांनी सोडवायचं, आडवे शब्द त्यांचे, उभे माझे. पण एक शब्द आईसाठी मोकळा सोडायचा. शेतातला, स्वयंपाकातला, नाहीतर तिच्या माहेरचा, कान्हे गावचा कसला तरी. उत्तर अगदी जिभेवर आलं तरी गप्प बसायचं. मग आई हातातलं काम टाकून यायची, शोधसूत्र ऐकायची, उत्तर द्यायची आणि म्हणायची, "तुमीच लिवा, माजं अक्षर लय वाकडं." बाबा लिहायचे. मला ह्या लाडांचा भारी राग यायचा. अर्धवट राहिलेलं कोडं मला बघवत नाही.

मागच्या वर्षी बाबांना अर्धांगाचा झटका आला. रेल्वेत उभा जन्म गेलेला, खणखणीत आवाजाचा माणूस, पण तोंडातून शब्द फुटेना. उजवा हातही गेला. लोणावळ्याचे डॉक्टर म्हणाले, "त्यांना किती कळतंय ते आत्ताच सांगता येणार नाही. तुम्ही बोलत राहा." आम्ही त्यांना कामशेतला घरी आणलं. बाकी काही नको, बाबांना आमचं कळतंय की नाही एवढंच मला हवं होतं.

म्हणून एका सकाळी मी कोडं काढलं. पहिलाच आडवा शब्द, चार अक्षरी: 'वाहते आणि शिजतेही.' मावळात हे कुणालाही यावं. आमची नदी इंद्रायणी, आमचा तांदूळही इंद्रायणी. मी त्यांच्या डाव्या हातात पेन्सिल दिली आणि मोठ्यानं वाचलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान वळवली. मी परत वाचलं, जरा चिडूनच. त्यांनी पेन्सिल पेपरावर ठेवून दिली.

मी तडक उठले. आत जाऊन आईला म्हटलं, "एवढा सोपा शब्द येत नाही गं त्यांना. संपलं सगळं."

तिनं भाताखालचा गॅस बारीक केला. "कुटं बगत हुते?"

"कुठे म्हणजे? इकडे, ह्या दाराकडे."

"शब्द कंचा हाय?"

मी शोधसूत्र सांगितलं. ती पदराला हात पुसत बाहेर गेली आणि त्यांच्या शेजारी बसली. "आवो, इंद्रायणी," ती म्हणाली. "लिवा आता."

बाबांनी पेन्सिल उचलली. पहिलंच अक्षर चौकटीबाहेर गेलं, तसा आईनं पेपर दोन्ही हातांनी दाबून धरला. कायदा ते विसरले नव्हते, मी विसरले होते. दारातच उभी राहून मी रडत होते, आणि त्या दोघांचं माझ्याकडे लक्षही नव्हतं.

चारही अक्षरं झाल्यावर आईनं पेपर डोळ्यांजवळ नेला.

"आता तुमचं बी माज्यावाणीच वाकडं झालं की," ती म्हणाली.

बाबा अर्ध्या तोंडानं हसले.