जिवलीच्या तांबड्याचा डोळा

जिवली आमच्याकडे बोईसरला भांडी घासायला यायची, ती सालवडच्या मागच्या पाड्यावरून. कामाला चोख, बोलण्यात सगळ्या बिल्डिंगीला पुरून उरणारी. फक्त कोंबड्यांचा विषय निघाला की तिच्यापुढे हात टेकावेत.

त्या वर्षी पावसाळ्यात तिची लेक पारू पहिल्या बाळंतपणात अडली. जिवलीने गावदेवाला नवसाचा कोंबडा बोलला. नुसता कोंबडा नव्हे, अंगणातला तो तांबडाच, नाव घेऊन. पारू सुखरूप सुटली, नातू झाला. आता भातकापणीच्या आधी तांबड्याला देवापुढे न्यायचं होतं. तिथे भगत तांदूळ टाकतो. कोंबड्याने दाणे टिपले तर देवाने घेतला, नाही तर देव रुसला. आणि नेमका तेव्हाच तांबड्याचा डोळा सुजून बंद झाला.

"दाना दिसनार कसा त्याला, बाय?" जिवली मोरीतच बसून राहिली. "देव म्हनल, नातू धड डोल्यांचा घेतलास नि मला आंधला देतेस?"

मी पाड्यावर गेले. आणखी दोन कोंबड्यांच्या डोळ्यांत फेस, पापण्या चिकटलेल्या. जिवली एकेकीला मांडीवर घेऊन पदराने डोळे पुसत होती. पदराचं तेच टोक आधी आजारी कोंबडीला, मग तांबड्याला, मग चांगल्या धडधाकट पिल्लांना!

"अगं, तूच वाटत सुटलीयस रोग!"

"मंग काय, रडत ठेवू त्यांना?"

पालघरच्या जनावरांच्या दवाखान्यातून मी मलम आणलं. डॉक्टरांनी सांगितलेलं तिच्याकडून घोकून घेतलं. आजारी कोंबड्या वेगळ्या, त्यांचं पाणी वेगळं. उकळून कोमट केलेल्या पाण्यात कापूस बुडवून डोळा पुसायचा, तो कापूस चुलीत. तिने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी बघते तर सगळी फलटण एकाच डालग्याखाली कोंडलेली, तांबडा मधोमध.

"एकला झोपत नाय तो. वरडतो."

"ओरडू दे!"

"तुमचा साहेब रातपालीला गेला की तुमी किती झोपता, ते म्हाईत हाय मला."

मी तांबड्याला उचलून माझ्या गॅलरीत आणलं. पहाटे तो आरवायचा आणि खालच्या मंदाताई काठीने त्यांचं छत ठोकायच्या. जिवलीने त्याला धरायचं, मी मलम घालायचं. दर वेळी ती म्हणायची, "हलू घाला, बाय, देवाचा हाय." आणि तो देवाचा माझ्या मनगटाला चोच मारायचा.

हळूहळू पापणी उघडली.

देवापुढे भगताने तांदूळ टाकले. तांबड्याने मान वाकडी केली. बरा झालेला डोळाच दाण्यांकडे. जिवलीने माझा हात असा दाबला की बांगड्या रुतल्या. तो नुसता बघत राहिला. आणि मग टकाटक टिपायला लागला.

परतताना मी म्हटलं, "बघितलंस ना मलमाचा गुण?"

"मलम होताच. पन मी बी बोलले व्हते ना देवाला."

"काय बोललीस?"

"तांबड्याचा डोला उघडला तर दुसरा कोंबडा देन."

मी थबकले. "कुठला?"

आम्ही तिच्या अंगणात पोचलो होतो. डालग्याशेजारी एक काळा तुरेबाज कोंबडा एक डोळा मिटून उभा होता. जिवलीने त्याला मायेने मांडीवर घेतलं आणि पदराचं टोक हातात धरलं.