मास्तरिणीची लेखनिक

मास्तरीण मुद्दाम चुकीचं उत्तर सांगायची, मग लिहिलेलं वाचून दाखवायला लावायची. मी ते दुरुस्त केलेलं सापडलं, की बोटांवर पट्टी बसायची. मास्तरीण हे नाव मीच ठेवलेलं; ती दहावीत, मी नववीत. जानेफळात आमची घरं भिंतीला भिंत लागून. तिची नजर सातवीतच गेली होती. बोर्डाच्या परीक्षेत तिनं सांगायचं, मी लिहायचं. लेखनिक खालच्या वर्गातला हवा, हा नियम, म्हणून मी.

“म्या सांगतलं तेच लिव. तुह्यं डोकं दप्तरात राहू दे. मार्क मले माह्येच पाह्यजेत.”

वर्गमुळाची रेघ कुठपर्यंत ओढायची, पायरी कुठं मोडायची, सारं तिनं वर्षभर मला शिकवलं. कागदाच्या मागून बोट फिरवून उमटलेलं अक्षर तपासायची. “दाबून लिव वं, तपासणारा माह्यावानी असला तं?” म्हणायची आणि आधी स्वतःच हसायची.

बीजगणिताच्या दिवशी केंद्रसंचालकांनी आमचे कागद पाहिले. एकही कमी नव्हता. मग त्यांनी मला सहज म्हणून एक वर्गसमीकरण घातलं. मी तोंडी सोडवलं. शाबासकी मिळेल, असं वाटलं मला. ते शिपायाकडे पाहून हसले.

“हे पोरगी तं दहावीचं गणित करून राह्यली. मंग पेपर कोनाचा, आंधळीचा का हिचा?”

मला बाहेर काढलं आणि सहावीतली एक मुलगी आणून बसवली. खिडकीखाली बसून मी ऐकत होते. मास्तरीण ‘वर्गमूळ’ म्हणाली, की ती पोर विचारायची, ते कसं काढतात? अंध म्हणून मिळणारा वाढीव वेळ पुरेपूर मिळाला. तो चिन्हं समजावण्यात गेला. नियम पाळणारे हे असे. वेळ देतात आणि हात कापून घेतात.

ती फक्त गणितात नापास झाली. घरच्यांनी पुन्हा फॉर्म भरू दिला नाही. मोताळ्याला मावशीच्या घरी पोरं सांभाळायला पाठवलं. एसटीत चढण्याआधी तिनं माझी बोटं चाचपली.

“त्या सरले सांगतलेलं तुह्यं उत्तर बरोबर होतं ना?”

“हाव.”

“मंग शिकवणं तं जमलं मले.”

आता मी लेखनिक मुली तयार करते. नियमांची पत्रकं छापून वाटते, केंद्राकेंद्रावर भांडते. आणि तरीही पहिल्याच दिवशी, त्यांच्या डोळ्यांकडे न बघता, प्रत्येकीकडून एक वाक्य घोकून घेते. केंद्रावर कोणी काहीही विचारलं, तर म्हणायचं: “सर, मले नाही येत.”